बुडाखालचा इतिहास

इतिहास लिहिणाऱ्या मंडळींची एक गोष्ट मला कधी समजली नाही. अमुक वीर घोड्यावर स्वार झाला, असं ते मोठ्या आवेशाने सांगतात. किती कोस गेला, किती दिवसांत गेला, वाटेत कुणाकुणाला लोळवलं, सगळा हिशेब चोख. पण तो नेमका कशावर बसला होता, आणि चौथ्या दिवशी घोड्यावरून उतरला तेव्हा कसा चालत होता, हे विचारा; बखरकार आणि प्राध्यापक दोघेही मिठाची गुळणी धरून बसतात. थोरले बाजीराव घोड्यावरून न उतरता कणसं हातावर चोळून दाणे तोंडात टाकत, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात हातांची सोय सांगितली, तोंडाची सांगितली. ज्या अवयवावर ही सगळी मोहीम टेकलेली होती, त्याचा मात्र उल्लेख नाही. सभ्यतेने इतिहासाचं फार नुकसान केलं आहे.

इतिहासाने टाळलं, तरी आपल्या भाषेने टाळलेलं नाही. जीन, खोगीर, तंग, रिकीब हे शब्द आहेतच. शिवाय ‘मांड ठोकणे’ आहे. तुम्ही कशावर बसता यापेक्षा कसे बसता यालाच महत्त्व, हे सांगणारा हा अस्सल मराठी वाक्प्रचार. आणि ‘खोगीरभरती’ तर आपण रोज वापरतो. सभेतल्या भाषणाला वापरतो, दिवाळी अंकाला वापरतो, मंत्रिमंडळालाही वापरतो. पण मूळची खोगीरभरती म्हणजे खोगिरात कोंबायच्या चिंध्या आणि असाच काहीबाही माल. ती निरुपयोगी, असं म्हणायची पद्धत पडली खरी. माझं मत विचाराल तर हा शब्द ज्याने बदनाम केला तो कधी लांबच्या प्रवासाला गेलेला नसणार. खोगिरात महत्त्वाचं काही असेल तर ती भरतीच.

मोटारसायकलचा इतिहास याच मुद्द्यावर सुरू होतो, तोही अक्षरशः आगीने. १८८५ साली जर्मनीत गॉटलीप डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख या जोडीने लाकडी सांगाड्यात अर्ध्या अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन बसवून जगातली पहिली म्हणावी अशी मोटारसायकल केली. तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना लहान चाकं, मुलांच्या सायकलला असतात तशी. इंजिन नेमकं बैठकीच्या खाली. बैठक घोड्याच्या खोगिरासारखी, चामड्याची. त्या काळी ठिणगीसाठी प्लग नव्हता, एक नळी ज्योतीने लालबुंद तापवून ठेवायची पद्धत होती. डाइमलरचा मुलगा पाउल नोव्हेंबर महिन्यात ही गाडी घेऊन कान्श्टाटहून निघाला आणि वाटेत बैठकीने पेट घेतला, असं सांगतात. म्हणजे पाहा, जगातल्या पहिल्याच मोटारसायकलस्वाराची पहिली तक्रार सीटबद्दल. पुढच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत बाकी सगळं सुधारलं. तक्रार तीच आहे, फक्त धूर येत नाही.

सायकलवाल्यांचं त्याआधीच सुरू झालेलं होतं. १८६०च्या दशकातल्या पॅरिसच्या सायकली लोखंडी धावांच्या. इंग्रजांनी त्यांना नावच ‘हाडं खिळखिळी करणारी’ असं ठेवलं होतं. बर्मिंगहॅममध्ये जॉन बोल्टबी ब्रुक्स नावाचे गृहस्थ १८६६पासून चामड्याचं सामान बनवण्याचा धंदा करीत. १८७८ साली त्यांचा घोडा मेला. नवा घेण्याऐवजी त्यांनी कुणाची तरी सायकल मागून आणली आणि तिच्यावर बसून कामाला जाऊ लागले. घोड्याच्या मरणाचं खरं दुःख त्यांना तेव्हा झालं असावं. त्या लाकडी बैठकीला वैतागून त्यांनी चामडं ताणून बसवलेली नवी बैठक तयार केली आणि १८८२ साली तिचं पेटंट घेतलं. त्यांच्या नावाच्या चामडी बैठका आजही मिळतात. घोडा जगला असता तर हा सगळा उपकार जगाला मुकावा लागला असता.

बहुतेक मोटारसायकलींना पुढची पन्नास-साठ वर्षं मागे स्प्रिंग अशी नव्हतीच. पुढचं चाक जरा तरी खालीवर व्हायचं. मागचं चाक सांगाड्याला ठार पक्कं. रस्त्यातला प्रत्येक खड्डा सरळ वर यायचा, वाटेत त्याला कुणी अडवणारं नाही. म्हणून सगळी भिस्त बैठकीखालच्या स्प्रिंगांवर. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने १९१२ साली बैठकीची दांडीच स्प्रिंगवर तरंगती ठेवली आणि आपल्या मोठ्या गाड्यांच्या मागच्या चाकाला खरी स्प्रिंग दिली ती १९५८ साली. मधली सेहेचाळीस वर्षं अमेरिकन माणूस त्या एका दांडीच्या भरवशावर होता. इंग्लंडात रेडिच नावाचं गाव आहे, मूळचं शिवणाच्या सुयांचं. तिथे हर्बर्ट टेरी यांचा स्प्रिंगांचा कारखाना होता. मोटारसायकलच्या बैठकाही ते करीत. टेबलावर ठेवायचा, वाकवू तसा वाकणारा आणि जिथल्या तिथे थांबणारा दिवा आपण पाहतो ना, त्याच्या स्प्रिंगाही याच कारखान्याच्या. आणि रॉयल एन्फील्ड मोटारसायकलही याच रेडिचची! सुया करणाऱ्या गावाला माणसाच्या बसण्याची एवढी काळजी का वाटावी, हे वेगळं सांगायला नको.

या रॉयल एन्फील्डच्या बुलेटला दुसऱ्या महायुद्धानंतर मागच्या चाकाचा झुलता हात आणि दोन बाजूंना स्प्रिंगांचे दांडे मिळाले. पुढे आपल्या सैन्यासाठी ती मागवली गेली, आणि १९५५ साली मद्रासला तिचा कारखाना निघाला. चाकांना स्प्रिंग आल्यावर बैठकीखालच्या स्प्रिंगांचं काम संपलं. त्या गेल्या, लांबलचक सलग सीट आली. गंमत म्हणजे २००९ साली त्याच कंपनीने ‘क्लासिक’ काढली तेव्हा सीटखाली दोन स्प्रिंगा पुन्हा दिल्या. आता गरजेसाठी नव्हे, आठवणीसाठी. माणूस ज्या गोष्टीने एकेकाळी कण्हत होता, तीच पैसे देऊन परत घेतो. याला आपण परंपरा म्हणतो.

सलग सीट शक्य झाली ती फोममुळे. १९२९ साली डनलॉप कंपनीच्या प्रयोगशाळेत मर्फी नावाच्या संशोधकाने रबराचा चीक अंडं फेटावं तसा फेटून त्याचा फेस केला आणि तो तसाच घट्ट बसवला. फेटायला बायकोचं केकचं यंत्र घेतलं होतं, अशी कथा आहे. (ते यंत्र घरी परत आल्यावर काय झालं, हे इतिहासाने नेहमीप्रमाणे टाळलं आहे.) पुढे १९३७ साली जर्मनीच्या ओटो बायर यांनी पॉलियुरेथेन शोधलं, आणि पन्नासच्या दशकापासून त्याचा फोम स्वस्तात मिळू लागला. आज तुमच्या-आमच्या बुडाखाली, दिवाणखान्यातल्या सोफ्यापासून एसटीच्या बाकापर्यंत, बहुतेक जागी हेच बायरसाहेब आहेत.

आता आपण मागे वळू. म्हणजे मागे बसणाऱ्याकडे.

आतापर्यंतचा सगळा इतिहास हा चालवणाऱ्याच्या बुडाचा झाला. मागे बसणाऱ्याच्या जागेला इंग्रजीत ‘पिलियन’ म्हणतात. हा शब्दही घोड्याचाच. खोगिराच्या मागे घोड्याच्या पाठीवर एक लहानशी गादी टाकायची आणि तिच्यावर बाईने बसायचं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसतं कातडं. म्हणजे पुरुषाला खोगीर आणि बाईला कातडं, ही वाटणी घोड्यापासून चालत आली. मोटारसायकल आली तेव्हा मागचं माणूस हे सामान समजून त्याला सामानाच्या कॅरिअरवर एक उशी बांधून बसवलं गेलं. सीट लांब झाली, तरी ती आखली पुढच्याच्या मापाने. उरलेल्या कापडात जसा लहान मुलाचा सदरा बसवतात, तशी मागची जागा.

आपल्याकडे यात आणखी एक फाटा फुटला. नऊवारी लुगड्याला कासोटा असतो. नऊवारी नेसलेल्या बाईला घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून मांड ठोकता येते, आणि आपल्याकडच्या घोडेस्वार स्त्रिया तशाच बसत. विसाव्या शतकात शहरात नऊवारी मागे पडली, गोल पाचवारी आली, आणि नेमकी तेव्हाच दारात स्कूटर आली. पाचवारीत मांड ठोकता येत नाही. म्हणजे जे आजीला चिंचेच्या झाडावर चढताना जमत होतं, ते नातीला स्कूटरवर जमेना. ती एका बाजूला पाय सोडून बसू लागली. सुधारणा नेहमी पुढेच नेते असं नाही, कधीकधी ती आडवं बसवते.

त्या काळच्या व्हेस्पा आणि लॅम्ब्रेटांना पुढची गादी वेगळी आणि मागची वेगळी असे. मागच्या गादीच्या कडेवर नवऱ्याच्या खांद्याला धरून बसलेली बायको, मांडीवर तान्हं, पुढे हँडलला धरून उभं असलेलं थोरलं, आणि पिशवीत भाजी, हे चित्र काढलं की मध्यमवर्गाचा वीस वर्षांचा इतिहास पुरा झाला. १९७२ साली पुण्याच्या कारखान्यातून चेतक आली. नाव पुन्हा राणाप्रतापांच्या घोड्याचं, बरं का! नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदवलेली स्कूटर तिच्या शाळेच्या सहलीच्या वेळी मिळायची. ती चेतक पुढे बंद झाली आणि २०२०मध्ये विजेवरची होऊन परत आली. सरकारनेही आडव्या बसणाऱ्या बाईची दखल घेतली. १९८९च्या मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं निम्मं तरी चाक झाकेल अशी जाळी सक्तीची केली. पदर, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून. पदराची सोय झाली. पाठीची राहिली.

हा एवढा इतिहास मी कुठल्या विद्यापीठासाठी जमवलेला नाही. आमच्या हिच्या माकडहाडासाठी जमवला आहे.

माझ्या सासूबाई वाईजवळच्या एका खेड्यात राहतात. वय चौऱ्याऐंशी. नजर शाबूत, जीभ शाबूत, कान गेले. टेलिफोनवर त्यांना काही ऐकू येत नाही, आणि यंत्र कानात घालायला त्या तयार नाहीत. “मला ऐकायचं ते ऐकून झालंय” असं म्हणतात. तेव्हा मुलीची खुशाली कळायची तर मुलीने समोर उभं राहायला हवं. दर पंधरा दिवसांनी रविवारी आम्ही पुण्याहून निघतो. कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई. जेमतेम शंभर किलोमीटर. आमची गाडी म्हणजे मोटारसायकल. कंपनीचं नाव सांगत नाही. सगळ्यांच्याच सीटा एका माळेचे मणी.

गेल्या वर्षी हिचं माकडहाड दुखू लागलं. डॉक्टरांनी फोटो काढला, उजेडाला धरला आणि म्हणाले, “काकू, शेपूट गेली पण जागा राहिली, तिथे मार बसतोय. मोटारसायकल बंद.” एसटीने जाऊन पाहिलं. वाईपर्यंत ठीक, पुढच्या गाडीची वाट पाहत स्टँडवर दीड तास, आणि परतताना उभ्याने. दोन फेऱ्या झाल्या, तिसरी चुकली. चौथ्या रविवारी गावाकडून एका शेजाऱ्याचा फोन आला, की म्हातारी सकाळपासून ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहते आहे आणि जेवायला उठत नाही. ही काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावू लागली, आणि ती लावलेलीच भांडी होती.

तेव्हा मी नाना पेठ गाठली. पुण्यात दुचाकीचं जे काही मोडतं ते नाना पेठेत जोडलं जातं. तिथल्या एका बोळात पलंगाएवढ्या जागेत एक सीटवाले बसतात. शिवणाचं यंत्र, रेक्झिनच्या गुंडाळ्या, सोलून काढलेल्या सीटांचा ढीग. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मागं कोण बसतं? त्यांना घेऊन या. माप तुमचं घेऊन काय करू?”

डाइमलर, ब्रुक्स, टेरी, मर्फी, बायर एवढ्या थोर मंडळींच्या इतिहासात हा प्रश्न मला कुठे सापडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हिला घेऊन गेलो. भर बोळात, चहावाला आणि चार हेल्मेटं बघत असताना, गाडीवर बसायचं म्हणजे पहिल्यांदा जरा लाजली. पण सीटवाल्यांनी खडू हातात घेतला आणि “ताई, कुठं टोचतं?” म्हटल्याबरोबर हिच्यातली, ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला तीस वर्षं धारेवर धरणारी गिऱ्हाईक जागी झाली. “इथे नाही, इथे. आणि उतार का आहे याला? ब्रेक दाबला की मी यांच्या पाठीवर. आणि रुंदी बघा, ही काय बसायची जागा आहे? पाटाला याहून जास्त असते.” बोळातल्या लोकांनी माना डोलावल्या. त्यांच्याही घरी कुणी मागे बसत असणार.

मग त्यांनी सीट सोलली. आतला फोम पिवळा पडून पापडासारखा झालेला. दाबला तर पाणी आलं, तेही मार्च महिन्यात! सीटच्या मध्यावर जी नक्षीची शिवण असते, तिच्या भोकांतून पावसाचं पाणी आत जातं आणि फोम ते जपून ठेवतो. मग कोरड्या खटखटीत दिवशी तुम्ही बसता, उठता, आणि लोक तुमच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहतात. म्हणून नव्या सीटला मधे शिवण नाही, आणि कव्हरच्या खाली प्लास्टिकचा कागद.

“मऊ करा जरा,” मी म्हटलं. सीटवाले हसले. त्यांनी एक मऊ तुकडा दिला आणि अंगठा दाबायला सांगितला. अंगठा सरळ खालच्या लाकडाला टेकला. “बघा. दुकानात मऊ, शिरवळला लाकूड. हाडाला जमीन लागता कामा नये.” म्हणजे शास्त्र असं : बसताना आपलं वजन मुख्यतः दोन हाडांवर येतं. मऊ फोममध्ये ती हाडं बुडून तळाला लागतात आणि तासाभरात माणूस चुळबुळू लागतो. घट्ट फोम आधी कडक वाटतो, पण वजन पसरवतो आणि शेवटपर्यंत दम धरतो. अमेरिकेत माइक कॉर्बिन नावाचे गृहस्थ १९६८पासून लोकांना मोटारसायकलच्या सीटा करून देत आले, त्यांचाही लौकिक घट्ट सीटांचाच. आणि तिकडे ‘लोखंडी बूड’ अशाच अर्थाच्या नावाची एक संस्था आहे, थट्टा नव्हे. चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सोळाशे किलोमीटर, मोटारसायकल चालवून दाखवली की ती दाखला देते. हिला हे सांगितलं तर म्हणाली, “मागे बसणाऱ्याला पण देतात का?”

खाली चुऱ्याचा दाबून केलेला टणक फोम, वर घट्ट, सगळ्यात वर बोटभर मऊ. करवतीच्या पात्याने तासणं सुरू झालं तेव्हा बोळात बर्फ पडल्यासारखा भुसा उडाला. पुढची बाजू निमुळती केली, म्हणजे माझे पाय सिग्नलला जमिनीवर नीट टेकावेत. मागची रुंद आणि सपाट. आणि माकडहाडाच्या जागी एक हलकीशी घळ, म्हणजे तिथे काही टेकूच नये. रेक्झिन हिने निवडलं. चकचकीत नको, घसरतं. खरखरीत हवं, तपकिरी. भावही हिनेच केला. सीटवाल्यांनी साडेतीन हजार सांगितले, अठ्ठावीसशेवर आले, आणि आठ दिवस चालवून परत फिटिंगला यायचं ठरलं. शिंप्याकडे असतं तसंच.

पुढच्या रविवारी निघालो. ही आता प्रवासाला पंजाबी ड्रेस घालते आणि दोन्हीकडे पाय टाकून बसते. नऊवारीपर्यंत पोचायला असा वळसा पडला. डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, अर्ध्या-अर्ध्या तासाने उतरून चाला. शिरवळला उतरलो. खंबाटकीच्या अलीकडे उतरलो. सुरूर फाट्याला मी नेहमीच्या चहाच्या टपरीशी गाडी हळू केली, तर मागून आवाज आला, “थांबू नका हो. आई वाट बघत असेल.”

सासूबाई ओट्यावर होत्या. मायलेकींचं जे काय मोठमोठ्याने व्हायचं ते झालं. अर्ध्या गावाला ऐकू गेलं. मग ही गाडीपाशी जाऊन हातवारे करून त्यांना नवी सीट समजावू लागली. कशी घळ आहे, कसं पाणी जात नाही, अठ्ठावीसशे. म्हातारीने काठी टेकत येऊन अंगठ्याने सीट दाबून पाहिली, भाकरीचं पीठ पाहावं तशी. मग काठी माझ्या हातात दिली. गाडी स्टँडवर होती. हिने एक दंड धरला, मी दुसरा. सासूबाईंनी लुगडं जरा वर खोचलं, पाय पलीकडे टाकला आणि मागच्या जागेवर अशी काही मांड ठोकली, की शेजारची पोरं खेळायची थांबली.

थोडा वेळ त्या इकडे-तिकडे बघत ताठ बसून राहिल्या. मग माझ्याकडे वळून ओरडल्या, “जावईबापू, उभे काय राहिलात? पुढे कोण बसणार?”